नोकरी सोडून शिकायचं, की नोकरी सांभाळून?

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)



मी ठाण्याला, खोपटला राहते. एसटी स्टँडपासून चार पावलांवर माझं घर. माहेर मुरबाड तालुक्यातलं. त्यामुळे गावाकडचं कोणी ठाण्याला कामाला आलं की आमच्याकडे चहा घेतल्याशिवाय परत जात नाही. कोणी दवाखान्यासाठी येतं, कोणी कलेक्टर कचेरीत दाखल्यासाठी येतं. अलीकडे मात्र एक नवाच प्रश्न घेऊन आयाबाया यायला लागल्यात. "पोरगी एमबीए करायचं म्हणते. नोकरी सोडून दिवसभराचं करू दे, का नोकरी सांभाळून संध्याकाळचं?"

मला विचारतात, कारण मी स्वतः संध्याकाळचा कोर्स केलेला आहे. वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या हिशेब खात्यात मी कामाला होते. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी वर्ग, असं तीन वर्षांचं शिक्षण मी चार वर्षांत पुरं केलं. चौथं वर्ष का लागलं, तेही सांगणार आहे.

गेल्या वर्षी हाच प्रश्न माझ्या सख्ख्या भाचीपुढे आला. बी.कॉम. झालेली, वय चोवीस, भिवंडीकडच्या एका गोदामाच्या ऑफिसात कामाला. आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद कॉम्प्युटरवर करायची, एवढंच काम. तिनं परीक्षा दिली, मार्क चांगले पडले आणि घरात वादाला तोंड फुटलं. भावोजी म्हणाले, "लागलेली नोकरी कोण सोडतं? संध्याकाळचं कर." ताई म्हणाली, "रात्री दहाला कल्याणला उतरून ती मुरबाडला कशी येणार?" आजी म्हणाली, "आधी लग्नाचं बघा." आणि भाची मला म्हणाली, "मावशी, तूच सांग."

मी काही सांगितलं नाही. म्हटलं, आधी कागद-पेन घेऊन बसू. आज तुमच्याशी बोलताना तोच कागद पुन्हा समोर मांडते.

आधी दोन्ही कोर्स म्हणजे काय ते समजून घेऊ. मुंबई विद्यापीठाचा दिवसभराचा कोर्स असतो, त्याला एमएमएस म्हणतात. एमबीएच्या बरोबरीचाच. मुदत दोन वर्षं. त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवीला साधारण पन्नास टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला पंचेचाळीस. संध्याकाळचा कोर्स नोकरदारांसाठी असतो. मुदत तीन वर्षं, आणि प्रवेशाला नोकरीचा अनुभव मागतात. त्यात विषय वाटलेले असतात. कोणी विक्री आणि बाजार घेतं, कोणी पैशाचे व्यवहार घेतं, कोणी माणसं सांभाळण्याचं शास्त्र. तिसरा मार्ग घरी बसून शिकण्याचा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, दिल्लीचं इग्नू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ साली स्पष्ट केलंय की, मान्यता असलेल्या संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. तेव्हा "घरी बसून केलेल्या डिग्रीला काय किंमत" असं कोणी म्हणालं, तर त्याला हे सांगा. फक्त संस्थेला मान्यता आहे का, हे आधी तपासायचं.

आता पैशाचा हिशेब. आपण बचतगटातल्या बाया, आपल्याला हिशेबाची भीती नाही. मी जे आकडे सांगते ते समजण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या मुलीचे खरे आकडे घाला.

समजा मुलीला महिना १८,००० रुपये पगार आहे. नोकरी सोडून दोन वर्षं शिकली, तर २४ महिन्यांचा पगार बुडाला. झाले ४,३२,००० रुपये. समजा फी वर्षाला दीड लाख, दोन वर्षांचे ३,००,०००. राहणं, जेवण, जाणं-येणं धरून महिना ५,०००, म्हणजे १,२०,०००. एकूण खर्च ८,५२,००० रुपये. लोक नुसती फी बघतात आणि बुडालेला पगार मोजायचा विसरतात. शेतात गेलो नाही तर रोज बुडाला असं आपण म्हणतो ना, तसाच हा बुडालेला रोज.

आता संध्याकाळचं बघू. समजा फी वर्षाला ७०,०००, तीन वर्षांचे २,१०,०००. जादा प्रवास आणि बाहेरचा चहा-वडापाव महिना १,५००, छत्तीस महिन्यांचे ५४,०००. एकूण २,६४,०००. पगार चालूच.

इथपर्यंत ऐकून भावोजी म्हणाले, "झालं की मग! संध्याकाळचंच स्वस्त." मी म्हटलं, थांबा, कागदाची दुसरी बाजू राहिली.

शिकून झाल्यावर काय मिळणार? समजा दिवसभराचं शिकून कॉलेजमार्फत ३५,००० ची नोकरी लागली. म्हणजे महिन्याला १७,००० जास्त. ८,५२,००० ला १७,००० नं भागलं, तर खर्च भरून यायला पन्नास महिने, म्हणजे चार वर्षांहून जरा जास्त. संध्याकाळचं शिकून त्याच ऑफिसात पगार २६,००० झाला, म्हणजे ८,००० ची वाढ. २,६४,००० भरून यायला ३३ महिने.

आणि आता खरी गोष्ट. महाराष्ट्र शासनानं ८ जुलै २०२४ ला निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातल्या ज्या मुलींच्या घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांचं व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. भाची कुणब्याची, ओबीसी. म्हणजे ते तीन लाख कागदावरून खोडले. राहिले ५,५२,०००. त्याला १७,००० नं भागा. उत्तर येतं ३३ महिने! संध्याकाळच्या कोर्सइतकंच. आणि तेहतीस महिन्यांनंतर एकीला महिना १७,००० जास्त पडतायत, दुसरीला ८,०००.

पण या माफीला अटी आहेत, त्या नीट ऐका. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतूनच झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेनं परस्पर दिलेल्या प्रवेशाला माफी नाही. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही त्यातून वगळलेली आहेत. आमच्याकडे अगदी हेच होता होता राहिलं. एका संस्थेच्या माणसाचा फोन आला. "फेरीची वाट कशाला बघता, आजच पन्नास हजार भरा, सीट पक्की. फी माफीचं नंतर बघू." ताईनं गटातून कर्ज उचलायचं ठरवलंही होतं. भाचीनं शासन निर्णयाचा कागद वाचला होता म्हणून थांबलो. ते पन्नास हजार भरले असते, तर तीन लाखांची माफी हातची गेली असती. "नंतर बघू" असं जिथे ऐकाल, तिथे पैसे भरू नका. आणि उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास हे सगळं परीक्षेच्या आधीच काढून ठेवा. फेरीच्या आठवड्यात तहसील कचेरीत रांगेत उभं राहायची पाळी येऊ देऊ नका. संध्याकाळच्या कोर्सला माफी लागू होते का, हे त्या त्या कॉलेजात लेखी विचारून घ्या.

कर्ज काढायचं झालं तर एवढं ध्यानात ठेवा. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर एक वर्षापर्यंत सुरू होत नाही. पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असं नव्हे. व्याज त्या काळातही चढत असतं. जमलं तर नुसतं व्याज तरी दर महिन्याला भरत जावं.

आता हिशेबातली सर्वांत नाजूक जागा. ३५,००० ची नोकरी लागेलच कशावरून? नाही लागली, २४,००० ची लागली, तर वाढ फक्त ६,००० ची. मग फी माफ होऊनही ५,५२,००० भरून यायला ९२ महिने, म्हणजे साडेसात वर्षांहून जास्त. म्हणून कॉलेजात गेल्यावर इमारत, एसी वर्ग बघून भुलू नका. विचारा, गेल्या वर्षी किती मुलं पास झाली, त्यांतल्या किती जणांना कॉलेजमार्फत नोकरी लागली, आणि मधल्या मुलाला किती पगार मिळाला. सर्वांत जास्त पगाराचा आकडा फलकावर असतोच, तो एकट्याचा असतो. आणि फलकावर विश्वास ठेवण्यापेक्षा गेल्या वर्षी पास झालेल्या दोन मुली गाठून त्यांना विचारा.

पैशानंतर वेळेचा हिशेब. हा हिशेब घरातले पुरुष सहसा करत नाहीत, म्हणून आपण करायचा.

माझं सांगते. साडेपाचला कारखाना सुटायचा. साडेसहा ते साडेनऊ वर्ग. घरी यायला सव्वादहा. त्यानंतर स्वयंपाकघर आवरायचं, सकाळची भाजी निवडायची, आणि मग पुस्तक उघडायचं. माझे वर्गमित्र पुरुष होते, तेही नोकरी करून यायचे. पण ते घरी गेले की ताट वाढलेलं असायचं. तिसऱ्या वर्षी सासूबाई आजारी पडल्या. दोन महिने रात्री त्यांच्या उशाशी बसून काढले. दोन पेपर राहिले. म्हणून चौथं वर्ष. मला त्याचं वाईट वाटत नाही. सासूबाईंचं करायलाच हवं होतं. पण घरात आणखी तीन माणसं होती, आणि "तुझी परीक्षा आहे, आज आम्ही बसतो" असं कोणी म्हणालं नाही. खरं म्हणजे मीही कोणाला विचारलं नाही. ती चूक माझी.

म्हणून सांगते, मुलगी किंवा सून संध्याकाळचं शिकणार असेल, तर प्रवेशाच्या आधी घरात बसून ठरवा. रात्रीचा स्वयंपाक कोणाचा, मुलांचा अभ्यास कोणाकडे, परीक्षेच्या महिन्यात पाहुणे बोलवायचे की नाही. नुसतं "आमचा पाठिंबा आहे" म्हणून भांडी घासली जात नाहीत.

आणि प्रवास. मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याणला लोकलमधून उतरायचं आणि पुढे एसटी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानं खर्च निम्मा झाला. पण तिकीट अर्धं झालं म्हणून रस्ता अर्धा होत नाही. साडेनऊला ठाण्यात वर्ग सुटला, तर घरी पोचायला मध्यरात्र. तीन वर्षं हे कोणाच्याच अंगाला झेपणार नाही. खेड्यातल्या मुलीला संध्याकाळचं शिकायचं असेल, तर आठवडाभर शहरात राहायची सोय लागणार. मग तो खर्चही कागदावर मांडायचा, आणि संध्याकाळचा कोर्स तितकासा स्वस्त राहत नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. मुलीला शिकून काय बदलायचं आहे? मी कारखान्याच्या हिशेब खात्यातच होते, मला तिथेच वर चढायचं होतं. सकाळी ऑफिसात जे अडायचं, ते मी संध्याकाळी वर्गात विचारायचे, आणि दुसऱ्या दिवशी कामात वापरायचे. माझ्यासाठी संध्याकाळचंच बरोबर होतं. नोकरी चांगली असेल, त्याच रस्त्यानं पुढे जायचं असेल, तर ती नोकरी सोडू नये. भाचीचं उलट होतं. गोदामातल्या नोंदी करून तिला पुढे काहीच रस्ता दिसत नव्हता. तिला धंद्याची लाइनच बदलायची होती. अशा मुलीला दिवसभराच्या कोर्सचा उपयोग जास्त. कारण मधल्या सुट्टीत कंपनीत दोन महिने काम करायला मिळतं, शेवटी नोकरीसाठी कंपन्या कॉलेजात येतात. संध्याकाळच्या कोर्सवाल्यांना बहुधा ही सोय नसते. त्यांना नोकरी आहेच, असं धरलेलं असतं.

हा प्रश्न आजचा नाही बरं का. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात हाच प्रश्न होता. धोंडो केशव कर्व्यांनी हिंगण्याला आश्रम काढला. घर सोडून तिथेच राहायचं आणि पूर्णवेळ शिकायचं. ज्या विधवा मुलींना घरात राहून पाटीला हात लावणं शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी तोच मार्ग होता. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुण्याचं सेवासदन सुरू झालं. तिथे घरचं आटोपून बायकांना येता यावं, म्हणून दुपारचे वर्ग भरत. रमाबाई स्वतः लग्नानंतर घरातल्या बायकांचे टोमणे सोसत शिकल्या होत्या. संसारातल्या बाईला कोणत्या वेळी मोकळीक मिळते, हे त्यांना माहीत होतं. यातलं श्रेष्ठ कोणतं, असं कोणी विचारत नाही. दोन्ही मार्ग लागले, कारण बायकांच्या अडचणी दोन तऱ्हेच्या होत्या.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "बाई, आमच्या पोरींचं झालं. आमचं काय? आम्ही सातवीत शाळा सोडली, पापड-मसाल्याचा धंदा करतो. आम्हाला कुठली बिझनेस स्कूल?" आहे, आपल्यासाठीही आहे.

सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात म्हसवड आहे. कायम दुष्काळी भाग. तिथे चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. कांताबाई नावाच्या बाईला पावसाआधी झोपडीवर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी रोजचे चार पैसे साठवायचे होते, आणि कुठलीही बँक तिचं खातं उघडेना. तिथून ही गोष्ट सुरू झाली. बँकेसाठी पहिला अर्ज केला तो रिझर्व्ह बँकेनं नाकारला. कारण त्यात अंगठे होते, सह्या नव्हत्या. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो, तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ साली परवाना मिळाला. पुढे २००६ साली त्यांनी ग्रामीण बायकांसाठी बिझनेस स्कूल काढलं. बायकांना गावातून शाळेत येणं जमेना, तेव्हा शाळाच बसमध्ये घातली आणि बस गावोगाव नेली. बाई रिकामी झाली की वर्ग भरणार. हाही अर्धवेळ कोर्सच की!

आणि पूर्णवेळ शिकायचं असेल, तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांना आरसेटी म्हणतात. बँका चालवतात आणि जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. कर्नाटकात धर्मस्थळाजवळ उजिरे इथे १९८२ साली अशी पहिली संस्था निघाली, त्या नमुन्यावर पुढे देशभर काढल्या. काही दिवसांपासून साधारण दीड महिन्यापर्यंतचे कोर्स असतात, शिकवणं, राहणं, जेवण मोफत, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा करतात. ज्या बाईला घरी कोणी अभ्यास करू देणार नाही, तिनं पंधरा दिवस घर सोडून जावं. जिची म्हैस दावणीला आहे, तिनं रोज दोन तासांचा वर्ग शोधावा. चौकशी 'उमेद'च्या तालुका कार्यालयात किंवा आपल्या गटाच्या बँकेत करा.

तर मैत्रिणींनो, मुलीचं असो की आपलं, प्रवेशाचे पैसे भरण्याआधी पाच प्रश्न कागदावर लिहा. एक, शिकून काय बदलायचं आहे, त्याच कामात वर जायचं की काम बदलायचं? दोन, फी अधिक बुडणारा पगार मिळून खरा खर्च किती, आणि तो किती महिन्यांत भरून येईल? तीन, कोर्सला मान्यता आणि फी माफी दोन्ही आहे का, आणि ते लेखी मिळालं का? चार, घरचं कोणतं काम कोण उचलणार? पाच, मध्ये आजारपण आलं, लग्न ठरलं, बाळंतपण आलं, तर कोर्स थांबवून पुन्हा धरता येतो का?

पाचवा प्रश्न आजीमुळे सुचला. आजी लग्नाचं म्हणाली तेव्हा सगळ्यांनी तिला गप्प केलं. पण प्रश्न बरोबर होता. तीन वर्षांचा कोर्स म्हणजे तीन वर्षांत काय काय होऊ शकतं, याचा विचार करावाच लागतो. शेवटी भाचीनंच आजीला सांगितलं, "आजी, मला दोन वर्षं द्या. बघायला येणाऱ्यांना सांगा, पोरगी शिकतेय." आजी म्हणाली, "दोन म्हणजे दोनच हां."

भाचीनं नोकरी सोडली. फेरीतून प्रवेश घेतला. सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे खोपटला राहते, शनिवारी गावी जाते. आता दुसरं वर्ष चालू आहे. नोकरी लागेल का, पस्तीस हजारांची लागेल का, हे मी आज सांगू शकत नाही. भावोजी अजून अधूनमधून म्हणतात, "अठरा हजार चालू होते." पण तो कागद त्यांनीच कपाटात जपून ठेवलाय. खाली त्यांच्या हातानं एक ओळ लिहिली आहे, रात्रीची भांडी बाबा. ताई सांगते की, पोरगी शनिवारी घरी येते तेव्हा ते खरंच घासतात.

तुमच्या घरात हा प्रश्न आला, तर एका संध्याकाळी सगळ्यांनी बसा, मुलीलाही बसवा, आणि कागद तिच्या हातात द्या. आकडे तिलाच मांडू देत.